चार लोकांत गेलं की तोंडच उघडत नाही

घरी बसून लॅपटॉपवर दुसऱ्यांची ऑफिसची कामं करून देणाऱ्या, म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट असलेल्या बऱ्याच जणी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. तक्रार एकच: "मॅडम, काम चोख करते. पण ओळखीतले दोन क्लायंट सुटले की नवीन कुठून आणू? बिझनेस मीटिंगला गेलं की घशाला कोरड पडते."

ठाण्याच्या एका बाईंशी झालेलं बोलणं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"ओळख कशी करून देता?"

"मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे, ऑफिसची सगळी कामं करते."

"मग?"

"'अरे वा' म्हणतात आणि चहाकडे वळतात. नकोशी वाटते मी त्यांना."

माणूस चहाकडे वळला, एवढंच घडलं होतं. 'नकोशी' हा त्यांनी लावलेला अर्थ. मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, त्यामुळे या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय पुढे जातच नाही. ही पद्धत मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत अनोळखी मुलींशी बोलण्याचा सराव स्वतःला लावून घेतला होता. नकार ढीगभर मिळाले, भीती मात्र सरली.

बाईंना गृहपाठ दिला: पुढच्या मीटिंगला काम मागायचं नाही. तिघांना फक्त विचारायचं, "तुमचं कुठलं काम रोज रात्री घरी येतं?"

पुढच्या वेळी त्या खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागल्या. "एक सीए भेटले. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचा जीएसटी रिटर्न भरायचा आणि क्लायंट बिलंच पाठवत नाहीत. रोज संध्याकाळी फोन करत बसतात बिचारे. मी म्हटलं, मागे लागायचं काम माझ्याकडे द्या, तुम्ही रिटर्न बघा."

"आणि घशाची कोरड?"

त्या थांबल्या. "अय्या, विसरलेच की!"

हे 'विसरलेच' ऐकायलाच तर मी तो प्रश्न बेतला होता. समोरच्याच्या डोकेदुखीत मन गुंतलं की 'मी कशी दिसते' याचा हिशेब आपोआप बंद पडतो.

आता व्यवहाराचं. फक्त व्हर्च्युअल असिस्टंटच्या मेळाव्यांत फिरून क्लायंट मिळत नाहीत. सीए, आर्किटेक्ट, डॉक्टर, इंटिरियरवाले जमतात तिथे जा. बीएनआय ही एकमेकांना कामं सुचवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना; तिच्या एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, तेव्हा तुमची जागा रिकामी आहे का ते आधी विचारा आणि फी भरण्याआधी पाहुणी म्हणून जाऊन या. मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लबही आहे. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. घोळके जमले की आत शिरणं अवघड. ओळख करून देताना कोणासाठी, कुठलं एक काम आणि त्याने काय सुटतं, एवढंच सांगा. 'सगळी कामं' म्हणालात की ऐकणाऱ्याला तुमचं नाव कोणाला सुचवावं तेच कळत नाही. दर उभ्या-उभ्या सांगू नका, काम किती तासांचं हे तुम्हालाच अजून माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप करा, पण ब्रोशर नको; त्यांनी सांगितलेल्या अडचणीचा उल्लेख आणि अर्ध्या तासाच्या भेटीची विचारणा पुरे. सुरुवातीला एकच काम, दहा तास, पैसे घेऊनच. फुकट 'ट्रायल' दिली की पुढे दर वाढवणं जड जातं.

महिन्याभरात काम आलं नाही म्हणून बऱ्याच जणी मीटिंगला जाणं सोडतात. इथे घाई चालत नाही, कारण समोरचा तुमच्या हाती मेलचा पासवर्ड देणार असतो, क्लायंटची बिलं देणार असतो. त्याला तुम्ही दोन-चारदा दिसायला हव्यात.

त्या सीएंनीही भेटीत दराआधी हेच विचारलं, "घरी हा लॅपटॉप आणखी कोण वापरतं?" बाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं: कामाचं लॉगिन वेगळं, पासवर्ड मॅनेजर आणि गोपनीयतेच्या कराराचा मसुदा, सहीसाठी पर्समध्येच.