वाचकांचे प्रश्न : जुनी डिझेल गाडी शिकताना

प्रश्न : वीस वर्षांहून जुन्या डिझेल गाडीवर हात बसवतो आहे. आधी पेट्रोल गाडीवर ‘थोडी रेस द्या, मग क्लच सोडा’ असं शिकलो होतो. इथे तसं केलं की गाडी हिसका मारून उडी घेते, घाबरून पाय काढला की बंद पडते. काय चुकतंय?

उत्तर : रेस. सपाट जागेवर गाडी हलवायला या इंजिनाला ती लागतच नाही. जुन्या डिझेल गाडीत इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपात गव्हर्नर असतो. क्लच जोडताना भार येऊन इंजिनाचे फेरे घटू लागले की तो आपणहून डिझेल वाढवतो आणि इंजिन मरू देत नाही. शिवाय डिझेलचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं फिरतं चाक, जड असतं. तुम्ही रेस देऊन ते जोरात फिरवलंत आणि क्लच पटकन सोडलात, की साठलेला सगळा जोर एकदम चाकांवर येतो. तोच तुमचा हिसका.

तेव्हा सुरुवातीचे काही दिवस उजवा पाय ब्रेकजवळ ठेवा आणि फक्त डावा पाय शिका. सीट अशी पुढे घ्या, की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाय पूर्ण ताणावा लागला तर क्लच अर्धवटच दाबला जातो आणि गिअर खरखरतात. किल्ली फिरवल्यावर पिवळा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, थंडीत तो जास्त वेळ घेतो. मग क्लच दाबूनच स्टार्टर मारा. थंड इंजिनाची टकटक डिझेलला शोभून दिसते, तिला घाबरू नका. पाच मिनिटं गाडी चालू ठेवून फेरे स्थिर झाले की सरावाला लागा.

मोकळ्या सपाट जागेवर पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. क्लच इतका सावकाश वर येऊ द्या, की कुठे काय बदलतंय ते कळेल. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो, सीटला बारीक थरथर जाणवते आणि गाडी पुढे जाऊ पाहते. इथे पाय रोखा, दोनेक सेकंद थांबा, पुन्हा क्लच दाबा. ही जागा डोळे न वळवता सापडेपर्यंत एवढंच करा. त्यानंतर त्या जागी पाय थबकवून, गाडी चालू लागल्यावर उरलेला क्लच सोडा. पहिल्या गिअरमध्ये नुसत्या आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता, ती ताशी ६-७ किलोमीटरने जाईल. बहुतेक जण गाडी हलताक्षणी पाय झटकन काढतात. क्लचचा शेवटचा टप्पाही सावकाशच सोडायचा असतो.

एवढं करूनही सपाटीवर गाडी बंद पडत असेल तर चूक तुमची नसेलही. आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या बरंच खाली आहे का, ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

प्रश्न : डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नाही. गिअर कधी बदलायचा हे कसं ओळखावं?

उत्तर : डिझेलचा जोर खालच्या फेऱ्यांत असतो, त्यामुळे ते ओरडेपर्यंत ताणण्यात काहीच मिळत नाही. २००० ते २५०० फेऱ्यांत वरचा गिअर टाकला की पुरे. अंदाजाने सांगायचं तर ताशी १५ किलोमीटरच्या आसपास दुसरा, ३० ला तिसरा, ४५ ला चौथा. गाडीगाडीत थोडा फरक पडेल.

पण याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. ‘डिझेल ओढतं’ म्हणून चौथ्यात २५ च्या वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा नाही. इंजिन गदगदा हलतं, धक्के क्लच प्लेटच्या स्प्रिंगांवर, इंजिनाच्या माउंटिंगवर आणि गिअरबॉक्सवर जातात. डिझेल भरपूर पण हवा कमी, म्हणून मागून काळा धूरही येतो. घरघर ऐकू आली की आधी पाय हलका करा, मग खालचा गिअर घ्या.

प्रश्न : चढावर गाडी मागे सरकते आणि पुढे निघताना जळका वास येतो. क्लच प्लेट गेली का?

उत्तर : एका वासाने जात नाही. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. नंतर सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहा. आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट घसरते आहे.

चढावर निघण्याआधी एक खात्री करा : न्यूट्रलमध्ये नुसत्या हँडब्रेकवर गाडी उभी राहते ना? राहत नसेल तर आधी तो आवळून घ्या, सराव नंतर. मग हँडब्रेक ओढून पहिला गिअर, क्लच त्या थरथरीच्या जागेपर्यंत. तीव्र चढ असेल तर इथे मात्र थोडी रेस लागते, साधारण १५०० फेरे. इंजिनाचा आवाज दबला आणि गाडीचं नाक जरा उचललं की हँडब्रेक खाली. गाडी दोन हात पुढे जाईपर्यंत क्लच तिथेच धरा. मागे सरकलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबा, हँडब्रेक ओढा, पहिल्यापासून सुरू करा. रांगेत उभं असताना गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची सवय लावून घेऊ नका. वास तिथूनच येतो.

प्रश्न : रिव्हर्स टाकताना दात खरखरतात.

उत्तर : बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग, नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळाला दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. तरी खरखरला तर आधी क्षणभर दुसरा गिअर टाकून मग रिव्हर्स. पुढचे गिअरही खरखरत असतील तर क्लच पुरता सुटत नाही : केबल असेल तर ती सैल झाली आहे का बघा, हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी आणि गळती.

प्रश्न : उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गेलं तर डिझेल वाचतं ना?

उत्तर : मुळीच करू नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड पडतं, आणि किल्ली चुकून शेवटपर्यंत फिरली तर काही गाड्यांत स्टिअरिंग लॉकही होतं. गिअरमध्ये राहून पाय उचललात तरी डिझेल पुरवणारा पंप ते जवळजवळ तोडतोच, त्यामुळे बचतीचा मुद्दाही उरत नाही. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेवा आणि तो उतार सुरू होण्याआधीच टाका.