स्प्रिंटमध्ये शिकलेलं लिहून कधी ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे) करता पण प्रोजेक्ट संपल्यावर लेसन्स लर्न्ड, म्हणजे कामातून काय शिकलो ते, लिहायला बसलं की कोणालाच काही आठवत नाही. आठवणार कसं हो, सहा महिन्यांनी! आम्ही पण त्यातलेच होतो.

मी देवगडात बसून काम करतो, टीम पाच जणांची, बाकीचे पुण्यात. एका आंबा बागायतदाराचं बिलिंगचं ॲप केलं, तर दुसऱ्याच स्प्रिंटला कळलं की पेटी म्हणजे पाच डझन असं आम्ही कोडमध्येच पक्कं करून ठेवलंय आणि इकडे फळ मोठं असेल तर चार डझनातच पेटी भरते, बारीक असेल तर सहा-सहा बसतात. बिलं चुकली, शिव्या खाल्ल्या, रात्रीत दुरुस्त केलं आणि विसरलो. सीझन संपल्यावर डॉक्युमेंटमध्ये काय लिहिलं, तर "क्लायंटशी संवाद वाढवावा". काय डोंबल उपयोग याचा? पुढच्या वर्षी काजूवाल्याचं काम आलं, तिथे नवीन पोराने गोणीचं वजन तस्संच फिक्स धरलं.

तेव्हापासून एक शीट आहे. घोळ झाला की त्याच दिवशी एक ओळ टाकायची: काय झालं, आपण काय धरून चाललो होतो, आता काय बदलणार. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपताना मागे वळून बघायच्या मीटिंगमध्ये, फक्त ती शीट वाचायची. एका महिन्याच्या स्प्रिंटला ही मीटिंग जास्तीत जास्त तीन तास म्हणतात, आमचं पाऊण तासात उरकतं, लाईट गेली तर त्याच्याही आधी. त्यातली एकच गोष्ट उचलून पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) कोणाच्या तरी नावावर टास्क म्हणून टाकायची. स्प्रिंटने काम करायच्या पद्धतीला स्क्रम म्हणतात, तिच्या नियमांच्या २०१७ च्या स्क्रम गाइडमध्ये अशी निदान एक सुधारणा घ्यायचीच असं होतं, २०२० मध्ये ती सक्ती काढली, माझ्या मते उगाच काढली. आणि पीएमबॉकला (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मार्गदर्शक पुस्तक) जुनाट म्हणून हसू नका, २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत लेसन्स लर्न्डचं रजिस्टर प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच उघडायला सांगितलंय.

अजून एक, मॅनेजर कॉलवर असला की सगळे "ऑल गुड", खरं काय ते नंतर चहावर गजालीत निघतं. म्हणून कॉलच्या आधीच लिहून घ्या, नाव नको असेल तर बिननावाचं.

आमच्या शीटमध्ये पेटीची ओळ अजून सगळ्यात वर आहे. नवीन पोरगा आला की आधी ती वाचायला देतो आणि मग गोदामात पाठवतो, दिवसभर वजनकाट्याजवळ उभं राहायला.