आज्जांची .३१८ रायफल घरात निघाली असेल तर

भावा, खानापूरकडं जुन्या वाड्यांत अशी रायफल निघते. परवाना आज्जांच्याच नावावर असेल तर आधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस गाठ; तोवर काडतुसांसकट ती बंदुकांच्या डीलरकडं जमा ठेव. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदच आहे.

आता काडतूस. .३१८ वेस्टली रिचर्ड्स (या काडतुसाचं पूर्ण नाव) ची २५० ग्रेन (म्हणजे साधारण १६ ग्रॅम) वजनाची लांब गोळी खोल घुसायची, म्हणून एकेकाळी शिकाऱ्यांची लाडकी. पण दुसऱ्या मापांच्या काडतुसांत ३०-०६ स्वस्त, कुठंही मिळणारी; .३७५ जास्त दमदार. दोघांच्या मध्ये ही मागं पडली. कायनॉक या ब्रिटिश कंपनीनं बनवणं थांबवल्यावर काडतुसंच मिळेनात. ‘.३१८’ या नावावर अजिबात जाऊ नकोस, गोळी प्रत्यक्षात .३३० इंच व्यासाची असते! काडतुसाच्या बुडावरचा शिक्का भिंगातून वाचून घे. पितळेच्या मानेला हिरवट डाग किंवा बारीक चीर दिसली, तर ते काडतूस झाडायचं नाही.