'मॅक्सिमम पब्लिक बर्डीवर उतरते' यातला मॅक्सिमम

भाऊ, तुम्ही मीटिंगच्या रिपोर्टात 'मॅक्सिमम स्टाफ वॉज प्रेझेंट' लिहिलं आणि साहेबांनी 'मॅक्सिमम'खाली लाल रेघ मारली. यात चुकलं काय, असं विचारताय. साहेबांचं बरोबर आहे. पण चूक तुमच्या एकट्याची नाही, अर्ध्या नागपूरची आहे.

आपण सर्रास म्हणतो, 'मॅक्सिमम पब्लिक बर्डीवर (म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारात) उतरते.' म्हणायचं असतं बहुतेक, बरीचशी. मराठी बोलण्यात हे रुळलंय, माझी हरकत नाही, मीही म्हणतो. इंग्रजीत मात्र 'बहुतेक'साठी 'मोस्ट' आहे: 'मोस्ट ऑफ द स्टाफ वॉज प्रेझेंट'. 'मॅक्सिमम' आकड्याचं वरचं टोक दाखवतो. लॅटिनमध्ये 'मॅग्नस' म्हणजे मोठा आणि 'मॅक्सिमस' म्हणजे सगळ्यात मोठा. 'सगळ्यात' आतच बसलेलं असल्याने 'मोस्ट मॅक्सिमम'ही होत नाही.

आता खरी गोम. हे टोक दोन तऱ्हेचं असतं आणि मराठीत दोन्हींना आपण 'कमाल'च म्हणतो. (आपल्या कमाल चौकाचा याच्याशी काही संबंध नाही, विचारणारे विचारतात म्हणून सांगितलं.)

एक, गाठलेलं टोक. २३ मे २०१३ ला नागपूरचं कमाल तापमान ४७.९ अंश होतं. ही काही उन्हाला घालून दिलेली मर्यादा नव्हे, त्या दिवशी पारा तिथवर चढला एवढंच. उद्या याहून वर जाऊ शकतो. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा व्हॉट्सॲपवर केवढी बोंब उठली होती! पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पारा तिथवर चढलाच नव्हता, मग तो आकडा मॅक्सिमम कसला?

दोन, ठरवून दिलेलं टोक. लिफ्टमधली माणसं, रस्त्यावरचा वेग, पाकिटावरची एमआरपी. एमआरपीतला 'एम' हाच मॅक्सिमम: सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कोणी अडवलेलं नाही. तरी दुकानदार ऐटीत सांगतो, 'एमआरपी आहे, कमी नाही होत.' नसेल करायची तर नको करू बाप्पा, पण पाकिटावर बिल फाडू नको!

वापराचं थोडक्यात. 'द मॅक्सिमम स्पीड', 'अ मॅक्सिमम ऑफ टेन पीपल', बोलताना 'टेन मिनिट्स, मॅक्स'. 'मॅक्सिमम अपटू टेन' लिहू नका, दोन्ही शब्द एकच काम करतात. अनेकवचन 'मॅक्सिमम्स', गणितवाले 'मॅक्सिमा' म्हणतात.

तुमच्या रिपोर्टात 'मॅक्सिमम' ठेवायचाच असेल तर 'द मॅक्सिमम अटेंडन्स धिस मंथ वॉज थर्टी-टू' असं लिहा, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात भरलेल्या मीटिंगला बत्तीस जण होते. पण त्यासाठी आधी हजेरीपट काढून आकडा बघावा लागेल. 'मोस्ट'ला तेवढी मेहनत नाही, निम्म्याहून बरेच जास्त आले असले की झालं.