रक्त बघवत नाही, पण गुरांचं वेड आहे

पत्र : ‘मुलगा बारावीला आहे. लहानपणापासून त्याला गुरांचं वेड. मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांच्या प्रश्नांवर संशोधन करायचं म्हणतो. पण जखम दिसली की याला घेरी येते, मग पशुवैद्यक कसा होणार? गणित आणि संख्याशास्त्र मात्र उत्तम आहे. शिवाय गुरांमुळे हवामान बिघडतंय, पुढे मांस प्रयोगशाळेतच तयार होणार, असं सारखं वाचनात येतं. बुडत्या व्यवसायात मुलाला कसं ढकलू? – एक आई’

ताई,

घेरीपासून सुरुवात करते, कारण तुमची सगळी घालमेल तिथे अडकली आहे. गुरांवर काम करायचं तर पशुवैद्यकच व्हायला हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. पशुवैद्यक आजारी जनावराजवळ असतो. पण कळप आजारीच पडू नये, उन्हात मरू नये, कमी चाऱ्यात वाढावा, यासाठी झटणाऱ्यांत पशुविज्ञान, आनुवंशिकी, कीटकशास्त्र, पोषणशास्त्र आणि आता निव्वळ संख्याशास्त्र शिकलेलेही पुष्कळ असतात.

वळूचंच घ्या. पूर्वी वळू चांगला की नाही हे कळायला त्याची वासरं मोठी होईपर्यंत थांबावं लागे. 2001 मध्ये मेउविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी जनुकांवरच्या हजारो खुणा एकदम हिशेबात धरून जनावराचे आनुवंशिक गुण वर्तवायची गणिती रीत मांडली. 2009 मध्ये गुरांचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो हेरेफर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीच्या गायीवरून. आता गोऱ्हा लहान असतानाच कानाच्या एवढ्याशा तुकड्यावरून त्याच्याबद्दल बराच अंदाज बांधता येतो. हा हिशेब करणाऱ्यासमोर तक्ते आणि समीकरणं असतात, रक्त नसतं.

आता हवामान. गुरांवरचा आरोप खोटा नाही, तेव्हा मुलाला ‘तिकडे लक्ष देऊ नकोस’ असं सांगू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो, तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो बहुतेक सगळा ढेकरेवाटे बाहेर पडतो. हवेत तो साधारण 12 वर्षं राहतो, पण तेवढ्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. हे जगाचं नुकसान झालं. पशुपालकाचंही आहे : चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी 2 ते 12 टक्के ऊर्जा या मिथेनबरोबर निघून जाते. जनावराच्या अंगी लागायचं ते हवेत गेलं. पर्यावरण वाचवायला निघालेला माणूस आणि पोट भरायला धडपडणारा पशुपालक इथे एकाच बाजूला उभे राहतात, म्हणून या विषयाबद्दल मला फार आस्था आहे.

उपाय सापडू लागलेत. 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी गोऱ्ह्यांच्या खाद्यात अ‍ॅस्पॅरागॉप्सिस नावाचं लाल समुद्रशैवाल अगदी थोडं मिसळलं, तर त्यांचा मिथेन 80 टक्क्यांहून जास्त घटला. 3-एनओपी नावाचा पदार्थ मिथेन तयार होण्याची शेवटची पायरीच अडवतो. युरोपीय संघाने 2022 मध्ये आणि अमेरिकेने 2024 मध्ये दुभत्या गुरांसाठी त्याच्या वापराला वाट मोकळी केली.

पण मेख पुढे आहे. हे पदार्थ रोजच्या खाद्यात मिसळून द्यावे लागतात, आणि मांसासाठीची गुरं आयुष्याचा मोठा भाग कुरणात चरत काढतात. तिथे पाटी घेऊन रोज कोण जाणार? म्हणून पोटात सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या, मिथेन रोखणारी लस, मुळातच कमी मिथेन सोडणाऱ्या वंशाची निवड यांवर काम चाललं आहे. त्यासाठी आधी एकेका जनावराचा मिथेन मोजता यायला हवा. कुरणात एक यंत्र ठेवतात. जनावर त्यात तोंड घालतं, पेंडेच्या गोळ्या पडतात, आणि ते खात असताना पंखा त्याचा श्वास ओढून घेतो. हे चालतं तीन-चार मिनिटं, दिवसातून काही वेळा, तेही जनावराच्या मर्जीने. अशा तुटक नोंदींवरून अख्ख्या दिवसाचा भरवशाचा आकडा काढायचा, हे तुमच्या मुलाच्या हातचं काम आहे.

उष्णतेचा प्रश्न मला मिथेनइतकाच तातडीचा वाटतो, आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात उष्णतेच्या लाटेत किमान 2,000 गुरं दगावली. पारा चढला, दमटपणा वाढला, वारा पडला आणि रात्रीही गारवा आला नाही. रात्री अंगातली उष्णता बाहेर टाकता आली नाही, तर दुसरा दिवस जनावराला झेपत नाही. त्यात कोटीपोटात चारा आंबताना आतूनही उष्णता निघते, ती खाल्ल्यानंतर काही तासांनी शिगेला पोहोचते. म्हणून कडक उन्हाळ्यात जास्तीचं खाद्य संध्याकाळी द्यायला सांगतात. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल जातीत आखूड, तुळतुळीत केसांचं एक जनुक आहे, त्यामुळे ती गुरं ऊन सोसतात. तोच बदल जनुक-संपादनाने घडवलेल्या गुरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये कमी जोखमीचं ठरवलं.

रोगांबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती मुलाने ऐकावी अशी फार इच्छा आहे. स्क्रूवर्म ही माशी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला अंडी घालते. नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली बेंबीही तिला पुरते. आळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या दोन कीटकशास्त्रज्ञांनी हेरलं, की मादी आयुष्यात साधारणपणे एकदाच समागम करते. मग किरणोत्सर्गाने वांझ केलेले नर अफाट संख्येने सोडले तर? 1954 मध्ये क्युरासाव बेटावर हे यशस्वी झालं, 1966 मध्ये अमेरिका मुक्त जाहीर झाली, आणि 2006 पर्यंत ही माशी पनामापर्यंत मागे रेटली गेली. 2023 पासून ती पुन्हा उत्तरेकडे सरकली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मेक्सिकोत सापडली. अमेरिकेने तिथली जिवंत गुरं घेणं थांबवलं. एवढं मोठं काम दोघांच्या निरीक्षणातून आणि हिशेबातून उभं राहिलं. पुन्हा तसंच करायला नवी माणसं लागणार आहेत.

व्यवसाय बुडतोय का? अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये गुरांची संख्या 8 कोटी 67 लाख होती, 1951 नंतरची सर्वांत कमी. मात्र त्यामागे दुष्काळ आणि खर्च यांचा मोठा वाटा आहे. चारा नाही म्हणून कालवडीही विकल्या गेल्या. आज वासरी राखली तरी तिने गाभण राहायचं, नऊ महिन्यांनी व्यायचं आणि ते वासरू विक्रीला तयार व्हायचं, यात तीन वर्षांहून जास्त काळ जातो. कळप भरून यायला वेळ लागतो तो असा. प्रयोगशाळेतल्या मांसाचं म्हणाल, तर पहिला बर्गर 2013 मध्ये लंडनला खाल्ला गेला, आणि विक्रीची पहिली परवानगी 2020 मध्ये सिंगापूरने दिली, तीही कोंबडीच्या मांसाला. स्नायू, चरबी आणि त्यांना जोडणाऱ्या ऊतींचा जाड तुकडा हुबेहूब घडवणं अजून अवघड आहे. तुमच्या मुलाच्या पिढीत गुरं नाहीशी होतील असं मला वाटत नाही.

एक बोलणं मात्र घरात व्हायला हवं. ही जनावरं शेवटी कत्तलखान्यात जातात. ज्याला घेरी येते त्याला हे नुसतं माहीत असून भागत नाही, त्याला ते मनाशी पटवून घ्यावं लागतं. टेंपल ग्रँडिन या शास्त्रज्ञ बाई स्वतः गुरांच्या वाटेत उतरून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघत. लोंबती साखळी, जमिनीवरची सावली, पाण्यावरची चकाकी एवढ्यानं जनावर बिचकून थबकतं, हे त्यांनी दाखवलं आणि वाटांची रचना बदलायला लावली. शेवटपर्यंत जनावराला भीती वाटू नये, हेही याच क्षेत्रातलं संशोधन आहे. ते न पटल्यास मुलाने खुशाल माघार घ्यावी.

पदवीचं म्हणाल, तर माझा कौल आधी पशुविज्ञान, सोबत संख्याशास्त्र आणि संगणकावर विदा, म्हणजे आकडे आणि नोंदी, हाताळण्याची सवय, आणि पदव्युत्तर शिक्षण पशुप्रजनन व आनुवंशिकीत, असा आहे. पशुविज्ञानातही शरीररचनेची प्रात्यक्षिकं असतात, त्यामुळे प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन ती किती आणि कशी असतात ते विचारा. नुसतं संख्याशास्त्र शिकून थेट इकडे येताही येतं, पण त्यात धोका आहे. पोटभर पाणी पिऊन आलेलं जनावर आणि रात्रभर उपाशी राहिलेलं जनावर यांच्या वजनात बराच फरक पडतो. वजनकाट्याशेजारी कधी उभा न राहिलेला माणूस त्या फरकाला वाढ समजून बसतो.

त्याआधी त्याला एक काम द्या. जवळ जिथे गुरं असतील तिथे परवानगी घेऊन आठ दिवस जा म्हणावं. सकाळी, भर दुपारी आणि सूर्य मावळल्यावर त्याच दहा जनावरांची कूस मिनिटाला किती वेळा हलते ते मोजायचं. निवांत जनावराचे श्वास साधारण 40 च्या आत असतात. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून 120 च्या वर गेले तर लगेच मालकाला सांगायचं. तापमान, सावली, पाणी कधी प्यालं हे सगळं वहीत लिहायचं. आठवड्याने वही भरली असेल तर मला पाठवा, मी नीट वाचेन. तिसऱ्या दिवशी कंटाळला असेल तर तेही मोकळेपणाने कळवा, मग संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वाटा बघू.