झाडपाल्याचा अर्क म्हणून घेतला, आता सुटत नाही

प्रश्न : म्याडम नमस्कार. आमी दारव्हा तालुक्यातले, घरी कापूस-सोयाबीनची शेती. माहा लहान भाऊ बरेच वर्षं झाले अमेरिकेत आहे, ट्रक चालवते. चुलतबहिणीच्या लग्नाले आला अन् दोन-तीन दिवसातच त्याचं नाक गळाले लागलं, जांभयावर जांभया, संडास पातळ, रात्रभर नुसते पाय झाडते. आमाले वाटलं हवापानी बदललं. आईनं नजर काढली, मंग एका जाणत्याकडं नेलं, त्यानं लिंबू कापलं अन् पैसे घेतले. शेवटी एका रात्री भाऊ रडत म्हणे, दादा तिकडं पेट्रोल पंपाच्या दुकानात क्रॅटमच्या छोट्या बाटल्या भेटतात, लांबच्या गाडीवर झोप येऊ नये, कंबर दुखू नये म्हणून सुरू केल्या, आता त्याच्याच कडक गोळ्या दिवसातून चार-पाच डाव लागतात. सोबत आणलेल्या संपत आल्या म्हणून जपून जपून खाऊन राह्यला. घर आमचं माळकरी, दारूले तो हात लावत नाही. म्हणे झाडपाल्याचंच आहे ते. झाडपाल्याची अशी लत लागते काय? बाबा म्हणतात वावरातल्या खोलीत आठ दिवस कोंडा, शेजारचे म्हणतात रात्री दोन पेग द्या, झोप लागन. आमी काय करावं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : लागते भाऊ, आणि चांगलीच लागते. अफूसुद्धा झाडाचीच असते की. क्रॅटम हे थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडचं झाड, कॉफीच्या कुळातलं. तिकडचे मजूर उन्हातान्हात काम ओढायला त्याची पानं चघळतात नाहीतर उकळून पितात, पिढ्यान् पिढ्या चाललंय ते. पानातलं मुख्य द्रव्य मायट्रागायनिन, आणि अगदी नावापुरतं दुसरं एक, ज्याला थोडक्यात सेव्हन-ओएच म्हणतात. ही दोन्ही मेंदूत जिथं अफूतलं मॉर्फिन जाऊन बसतं तिथंच बसतात. सुक्या पानात मायट्रागायनिन साधारण 1 ते 2 टक्के, त्यामुळे पान चघळणारा माणूस कडू तोंडानं कुठंतरी थांबतो. अर्काचं तसं नाही. मोहफुलं खाऊन कोणी झिंगत नाही, त्याच फुलांची पहिल्या धारेची काढली की काय होतं ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. तुमचा भाऊ म्हणतो त्या कडक गोळ्यांमध्ये तर बहुतेक वेळा ते सेव्हन-ओएचच कारखान्यात वाढवून भरलेलं असतं, जे मायट्रागायनिनपेक्षा कितीतरी जोरदार आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, जुलै 2025 मध्ये या सेव्हन-ओएचला नियंत्रित ड्रग्जच्या यादीत टाकायची शिफारस केली, पानाबद्दल नाही, या जोरदार मालाबद्दल. म्हणजे पाकिटावर हिरवं पान छापलं म्हणून आतला माल पानासारखा सौम्य असतो असं अजिबात नाही, आणि ज्यांनी ते पान छापलं त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आता त्याला जे होतंय ते. नाक गळणं, जांभया, घाम, हगवण, अंग ठणकणं, पाय एका जागी न राहणं, जीव घाबरणं, हे सगळं ओपिऑइडचं, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेचं, विड्रॉल आहे, नशा कमी पडली की शरीर अशी तडफड करतं, बाहेरचं काही नाही, त्या लिंबाचे पैसे गेले ते गेले. शेवटच्या डोसनंतर साधारण अर्ध्या ते एका दिवसात हे सुरू होतं, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, मग आठवडाभरात शरीराचं बरंचसं निवळतं. झोप आणि मन मात्र मागं राहतात, कधी कधी कित्येक आठवडे. माणूस नुसत्या विड्रॉलनं सहसा मरत नाही पण यवतमाळच्या उन्हात टिनाच्या खोलीत कोंडलेला, हगवण लागलेला, उलट्या होत असलेला माणूस पाणी कमी होऊन नक्की गंभीर होऊ शकतो, त्यात काही जणांना त्या दिवसांत जीव द्यायचे विचार येतात, आणि वावरातल्या खोलीत फवारणीचं औषध असतंच. म्हणून बाबांना माझ्याकडून सांगा, कोंडायचं नाही. फवारणीचे डबे आजच कुलपात टाका, हे मी कोणत्याही व्यसनाच्या पत्राला सांगते, यालाही सांगते. आणि जीव देण्याची भाषा त्यानं केली तर त्याला एकटं सोडू नका, सरळ दवाखान्यात न्या.

दोन पेगचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. त्याच्या या क्रॅटमच्या गोळ्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या, तिन्ही श्वास मंद करतात, एकत्र आल्या की माणूस झोपेतच जाऊ शकतो. तो उठवून उठत नसेल, श्वास फार हळू चालत असेल, ओठ निळे पडले असतील तर 108 ला फोन, तोवर कुशीवर वळवून ठेवायचं आणि कोणीतरी जवळ बसायचं.

आता दवाखाना. जिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी आहे तिथं न्या, वर्धा जवळ पडत असेल तर सेवाग्रामला. जाताना उरलेल्या गोळ्या, रिकामं पाकीट, लेबलवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात त्याचा फोटो, सगळं सोबत. हे का सांगते, तर आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांनी क्रॅटमचा पेशंट पाहिलेला नसतो आणि लघवीच्या नेहमीच्या ड्रग टेस्टमध्ये ते दिसतच नाही, रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे म्हणतात बघा काही नाही, नाटक करतोय. तेव्हा भावानं स्वतः तोंडानं सांगायचं, किती, किती वेळा, शेवटचं कधी, आणि सोबत दुसरं काही घेतो का. लिव्हरची तपासणी करून घ्या, क्रॅटमनं काहींच्या लिव्हरला त्रास होतो.

डॉक्टरपुढं ढोबळ दोन रस्ते असतात. एक, डोस हळूहळू उतरवायचा. पण इथं माल संपत आलाय आणि तिकडून मागवत बसायचं म्हणजे उपचार कमी आणि व्यसनाची सोय जास्त, शिवाय गोळ्यांची चावी पेशंटच्याच खिशात असली की आज अर्धी उद्या दोन असं चालतं. दुसरा रस्ता म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी, जी त्याच जागी शांतपणे बसून राहते, तडफड थांबते आणि माणूस कामाला लागू शकतो. जोरदार अर्काच्या, दिवसातून चार-पाच डाव घेणाऱ्या माणसाला माझा कल तिकडंच जातो, निर्णय अर्थात तपासणाऱ्या डॉक्टरचा. ती पहिली गोळी विड्रॉल नीट सुरू झाल्यावरच देतात, घाईनं दिली तर त्रास उलटा वाढतो, म्हणून कोणाकडून आणून घरी देऊ नका. "एका नशेच्या जागी दुसरी नशा" असं गावात कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. बीपीची गोळी रोज खाणाऱ्याला कोणी नशेडी म्हणत नाही ना. काहींना ती थोडे महिने लागते, काहींना जास्त, लग्नाच्या पाहुण्यांनी त्याची मुदत ठरवू नये.

हगवणीसाठी मेडिकलमधून लोपेरामाइड आणून मूठभर खाणारे लोक असतात, तेवढी खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडतात, पट्टीवर लिहिलंय त्याच्या पुढं जायचं नाही. मीठ-साखरेचं पाणी, ताक, भाताची पेज, पातळ वरण हे चालू ठेवा, रात्री पाय फार ओढत असतील तर ते कोमट पाण्यात बुडवून बसायला सांगा. चहा संध्याकाळनंतर बंद.

खरी काळजी मला त्याच्या परतीच्या तिकिटाची वाटते. इथं महिनाभर बंद राहिलं की शरीराची सवय उतरते, आणि तिकडं तोच ट्रक, तोच पंप, काउंटरवर तीच बाटली, आणि माणूस जुन्याच हिशेबानं घेतो. जुना डोस नव्या शरीराला झेपत नाही, ओपिऑइड बंद करून पुन्हा घेतलं की मरणाचा धोका फार वाढतो. तर शक्य असेल तर रजा वाढवा, आणि जायच्या आधी तिकडच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊनच विमानात बसवा, डोस जास्त होऊन श्वास मंदावला तर नाकात मारायचा, नशा उतरवणारा नॅलॉक्सोनचा स्प्रे तिकडं मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, तो त्याच्या रूममेटजवळ असू द्या. कंबरदुखीवरही इलाज झाला पाहिजे, सुरुवात तिथूनच झाली ना, ते तसंच ठेवलं तर तो पुन्हा काहीतरी शोधणारच.

रात्री-बेरात्री काही सुचलं नाही तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 वर, मराठीत बोलता येतं, व्यसनासाठी 14446 आहे, दोन्ही फुकट.

प्रश्न : म्याडम, मी जिनिंगमध्ये हमाल होतो, पाठीसाठी ट्रामाडोल खाता खाता सवय लागली. दवाखान्यातून सोडवून दोन महिने झाले. आता दुखत नाही पण कशातच मन लागत नाही, पोळ्याले बैल सजवले तरी काही वाटलं नाही. मी असाच राहीन काय?
– एक वाचक, ता. वणी

उत्तर : नाही राहणार दादा. तुमचं ट्रामाडोल काय आणि वरच्या पत्रातला अर्क काय, मेंदूत घुसायची वाट एकच, त्यामुळे बाहेर यायची वाटही तशीच. इतके दिवस आनंद बाहेरून गोळीनं येत होता, मेंदूनं आपलं काम कमी केलं, ते परत सुरू करायला त्याला महिने लागतात, आणि ते एका सरळ रेषेत होत नाही, चार दिवस बरे मग दोन दिवस एकदम बेकार. रोज ठरलेल्या वेळी उठा, सकाळी ऊन अंगावर घेत चाला, मन लागत नसलं तरी माणसांत बसा. पण भूक गेली असेल, पहाटेच झोप मोडत असेल, जगून काय करू असं वाटत असेल तर त्याला डिप्रेशन म्हणतात आणि त्याची वेगळी गोळी असते, पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. कोणी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय ट्रामाडोल देत असेल तर त्या दुकानाच्या रस्त्यानंच जाऊ नका. 2018 पासून ते एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे, त्याच्याही अंगाशी येईल.

प्रश्न : आमच्या जंगलात कळंबाची झाडं आहेत. नेटवर पाहून गावातले पोट्टे म्हणतात हे क्रॅटमचंच भाऊबंद आहे, पानं उकळून पिऊन पाहू. खरं आहे का?
– एक आशा सेविका, जि. गडचिरोली

उत्तर : नात्यानं हो, दोन्ही मायट्रागायना याच वंशातली. पण नातं आहे म्हणून गुण तेच असतात असं नाही, आपल्या कळंबात वेगळी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली गुणकारी द्रव्यं, आहेत. पोट्ट्यांना सांगा, नशा तर येणार नाहीच, उकळून उकळून काय पोटात गेलं ते डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. आणि ताई, जो पोरगा हे शोधायला नेटवर गेला त्याच्याशी एकदा निवांत बोला, झाड सोडून बाकी विषयांवर.