पावसाच्या ढगांना लॅटिन नावं का?

प्रश्न: हवामानाच्या बातम्यांमध्ये क्युम्युलोनिंबस, निंबोस्ट्रॅटस अशी नावं येतात, ही कुठून आली?

उत्तर: या नावांमधले मूळ शब्द ही ल्यूक हॉवर्डची देणगी, लंडनमध्ये औषधी रसायनं बनवणारा माणूस, हवामान हा त्याचा फक्त छंद, पण १८०२ मध्ये त्याने एका छोट्या मंडळापुढे ढगांवर निबंध वाचला आणि नावं कायमची रुजली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनेही ढगांची वर्गवारी केली होती बरं का, पण नावं फ्रेंच ठेवली आणि ती चालली नाहीत, लॅटिन मात्र सगळ्या देशांतल्या अभ्यासकांना येत होती. मला हॉवर्डचं खरंच फार कौतुक वाटतं.

आता अर्थ बघा. क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे पसरलेला थर, आणि निंबस हा शब्द रोमन लोक पावसाच्या ढगाला, मुसळधार सरीलाही वापरायचे. म्हणून ढिगासारखा उंच चढत जाणारा, विजा कडाडवणारा तो क्युम्युलोनिंबस, आणि आभाळभर करडा थर पसरून तासन्‌तास रिपरिप लावणारा तो निंबोस्ट्रॅटस. सिरस हाही एक ढग, नावाचा अर्थ केसांची बट, पण त्याचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही.